वाटाड्यास दिलेली आज्ञा

मध्यरात्र उलटून गेलेली असते. शहरांतील बहुतेक घरांचे दिवे मालवलेले असतात, आणि एखाद्या कचेरींत एकच मनुष्य काळ्या पडद्यासमोर बसलेला असतो. त्या पडद्यावर चित्र नसतें, रंग नसतो. असते ती केवळ एक लुकलुकणारी खूण. ‘आज्ञा काय?’ असेंच जणू ती खूण विचारीत असते. तो मनुष्य एक ओळ लिहितो, ती दोनदां वाचतो आणि क्षणभर थांबतो. कारण ज्या यंत्राला उद्देशून ती ओळ लिहिलेली असते तें यंत्र कदाचित् पांचशें मैलांवर असतें, आणि त्या यंत्राच्या भरंवशावर एखादी पेढी, एखादें इस्पितळ किंवा एखादा सबंध प्रांत उद्यां सकाळीं आपल्या व्यवहाराला आरंभ करणार असतो.

ह्या यंत्राला राऊटर असें म्हणतात. मराठींत त्याला वाटाड्या म्हणावयास हरकत नाहीं. घरोघरीं भिंतीवर अथवा कपाटावर मिणमिणत्या दिव्यांची जी पेटी हल्लीं दिसते ती त्याच कुळांतली खरी. पण तिचें काम अगदींच सोपें. घरांतून निघालेलें सर्व टपाल तिनें एकाच दारानें बाहेर काढावयाचें असतें. रस्ताच एक असल्यावर वाट चुकण्याची धास्ती ती काय? खरा वाटाड्या तो, कीं जो अनेक रस्ते मिळतात अशा चौकांत उभा असतो, आणि आलेल्या प्रत्येक वाटसरूला निमिषार्धांत सांगतो, ‘बाबा, तुझा गांव या बाजूला.’

संगणकांच्या जाळ्यावरून जाणारा मजकूर अखंड जात नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहिला जातो. वाटेंतील प्रत्येक नाक्यावर तो पत्ता वाचून तुकडा पुढें ढकलावयाचा, एवढेंच वाटाड्याचें कर्तव्य. सबंध प्रवास कोणालाच ठाऊक नसतो. प्रत्येकाला ठाऊक असतो तो पुढचा मुक्काम. अशा प्रकारचें पहिलें यंत्र इ. स. १९६९ मध्यें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस येथील शाखेंत बसविण्यांत आलें. त्याच वर्षाच्या २९ ऑक्टोबरला तेथून पहिला निरोप धाडण्यांत आला, आणि दोन अक्षरें जातांच पलीकडचा संगणक बंद पडला! ह्या शास्त्राचा आरंभच असा अपघातानें झालेला आहे.

पत्ता वाचण्याचा नियम समजण्यासाठीं श्रोत्यांनीं आगगाडींतील टपालाच्या डब्याची कल्पना करावी. पत्रें निवडणाऱ्या कारकुनासमोर खणांची मांडणी असते. एका खणावर ‘पुणें जिल्हा’ असें लिहिलेलें आहे आणि दुसऱ्यावर ‘जुन्नर’ असें लिहिलेलें आहे. जुन्नरचें पत्र हातीं आलें तर कारकून तें कोठें टाकील? जुन्नर पुणें जिल्ह्यांतच आहे. तरीहि तो तें जुन्नरच्याच खणांत टाकील. अधिक नेमका खण असतां मोघम खणाकडे पाहावयाचें नाहीं, हा टपालाचा नियम. आणि वाटाड्याचाहि नेमका तोच नियम आहे. हा साधा नियम श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें एका रात्रीं त्यानेंच केवढा अनर्थ केला तें दिसून येईल.

आतां या यंत्राशीं बोलावयाचें कसें? चित्रांवर बोट ठेवून काम करण्याची सोय आज सर्वत्र झालेली आहे. तथापि या विद्येंतील जाणते लोक अजूनहि शब्दांनींच आज्ञा देणें पसंत करतात. हा केवळ जुनेपणाचा अभिमान नव्हे. लिहिलेली आज्ञा आधीं कागदावर उतरतां येते, सहकाऱ्याला दाखवितां येते, कालच्या आज्ञेशीं ताडून पाहतां येते, आणि शंभर यंत्रांना एकसारखी देतां येते. बोट कोठें टेकलें होतें याची नोंद राहत नाहीं, शब्दाची राहते. आपल्याकडे ‘लिखित प्रमाण’ म्हणतात तें येथें अक्षरशः खरें आहे. पूर्वीं या आज्ञा तारेवरून उघड्या जात, आणि मधल्या मधें कोणी लबाड मनुष्य परवलीचे शब्द चोरून वाचूं शके. हेलसिंकी येथील तंत्रविद्यापीठांत अशीच चोरी झाल्यावर तातू युलोनेन यानें १९९५ सालीं हें संभाषण गुप्त लिपींत करण्याची युक्ति काढली, आणि सिक्युअर शेल या नांवाची ती युक्ति पुढें जगभर रूढ झाली.

आज्ञांची भाषा मोठी काटकसरीची असते. ‘शो’ म्हटलें कीं यंत्र आपली स्थिति दाखवितें; कोणत्या वाटा ठाऊक आहेत, कोणतें दार उघडें आहे, कोठें गर्दी झाली आहे, हें सर्व त्या एका शब्दानें कळतें. ‘नो’ हा शब्द एखाद्या आज्ञेच्या आधीं लावला कीं ती आज्ञा मागें घेतली जाते. यांत एक गंमत अशी, कीं सिस्को कंपनीच्या वाटाड्यांचीं दारें मुळांत बंद असतात, आणि तीं उघडण्याची आज्ञा ‘उघड’ अशी नसून ‘नो शटडाऊन’, म्हणजे ‘बंद राहूं नको’, अशी आहे. नवशिक्याला हें विचित्र वाटतें. पण त्यामागें शहाणपण आहे. ज्या दाराची आठवण कोणाला नाहीं तें उघडें राहण्यापेक्षां बंद राहिलेलें बरें.

ही काटकसर कधीं कधीं महाग पडते. समजा, एका मोठ्या कचेरींत एकाच तारेवरून दहा खात्यांचें दळणवळण चालू आहे आणि तीसाव्या क्रमांकाच्या नव्या खात्याला तेथें प्रवेश द्यावयाचा आहे. योग्य आज्ञा अशी: ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाऊड व्हीलॅन ॲड ३०’. आतां लिहिणाऱ्यानें घाईंत ‘ॲड’, म्हणजे ‘भर घाल’, एवढाच शब्द गाळला, तर यंत्र तक्रार करीत नाहीं. तें समजतें, कीं यापुढें केवळ तीसाव्या खात्यालाच परवानगी आहे. आणि उरलेलीं दहा खातीं त्याच क्षणीं मुकीं होतात. ‘ध’चा ‘मा’ झाल्यानें केवढा घात झाला हें मराठी मनुष्यास निराळें सांगावयास नको. तेथें लेखणीनें अक्षर बदललें. येथें विसरानें शब्द गळतो. पण आज्ञाधारक नोकर दोन्हीकडे सारखाच निरुपाय असतो. जें लिहिलें तें तो करतो. काय म्हणावयाचें होतें तें त्याला कळत नाहीं.

याहून मोठें संकट म्हणजे आज्ञा देणाऱ्यानें स्वतःचीच वाट तोडणें. पुण्यांत बसलेला एखादा अभियंता नागपूरचा वाटाड्या दुरुस्त करीत आहे असें मानूं या. त्याच्या आज्ञा ज्या तारेवरून नागपूरला पोंचतात त्याच तारेची व्यवस्था तो बदलीत आहे. एक आंकडा चुकला कीं तार निःशब्द. चूक झाल्याचें कळलें तरी ती सुधारण्याची आज्ञा पोंचविणार कशी? बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालविणाराची गोष्ट लहानपणीं सर्वांनींच ऐकलेली असते. मध्यरात्रीं मोटार जोडून नागपूरची वाट धरणें, किंवा तेथील पहारेकऱ्याला झोपेंतून उठवून यंत्राजवळ उभें करणें, याखेरीज मग गत्यंतर उरत नाहीं.

म्हणून जाणत्या लोकांनीं एक सुंदर तोड काढली आहे. यंत्रापाशीं व्यवस्थेच्या दोन प्रती असतात: एक चालू, आणि दुसरी जपून ठेवलेली. दिलेली आज्ञा चालू प्रतींत तत्काळ अंमलांत येते; पण मुद्दाम जपून ठेवण्याची आज्ञा दिल्याशिवाय ती दुसऱ्या प्रतींत उतरत नाहीं, आणि यंत्र पुन्हा सुरूं झालें म्हणजे तें जपलेल्या प्रतीप्रमाणेंच वागतें. तेव्हां धोक्याच्या कामापूर्वीं अभियंता यंत्राला सांगून ठेवतो, ‘रीलोड इन १०’. म्हणजे ‘दहा मिनिटांनीं आपण होऊन बंद हो आणि पुन्हा सुरूं हो’. मग तो आपलें काम करतो. सर्व ठीक झालें तर ती आज्ञा रद्द करतो आणि नवी व्यवस्था जपून ठेवतो. वाट तुटलीच, तर हात जोडून दहा मिनिटें बसावयाचें. यंत्र जुन्या व्यवस्थेनिशीं आपोआप जागें होतें. ज्युनिपर कंपनीच्या वाटाड्यांत याहून सुधारलेली रीत आहे. तेथें आज्ञा प्रथम केवळ मसुद्यांत जातात. ‘कमिट कन्फर्म्ड’ म्हटलें कीं मसुदा अंमलांत येतो, आणि सामान्यतः दहा मिनिटांच्या आंत दुसऱ्यानें होकार दिला नाहीं तर यंत्र बंद न पडतां मागची व्यवस्था परत येते. असे चालू धरून ५० पर्यंत मसुदे तें यंत्र संग्रहीं ठेवूं शकतें. मनुष्य चुकणारच, हें गृहीत धरून बांधलेली ही योजना आहे; आणि त्यांतच तिचा मोठेपणा आहे.

वाटाड्याचें दुसरें काम गर्दीची व्यवस्था पाहणें. रस्ता अरुंद आणि वाहनें फार, अशा वेळीं पुढें कोणाला सोडावयाचें? दूरभाषावरील बोलणें एका बाजूनें दुसऱ्या बाजूला पोंचण्यास १५० सहस्रांश सेकंदांहून अधिक वेळ लागूं लागला तर संभाषण अवघडल्यासारखें होतें. चित्रपटाचा सांठा मात्र दोन सेकंद उशिरा आला तरी कोणाचें बिघडत नाहीं. म्हणून बोलण्याच्या तुकड्यांना पुढची रांग आणि इतरांना मागची, अशी वांटणी आज्ञांनीं करतां येते. लिनक्स नांवाच्या मुक्त प्रणालींत ‘टीसी’ ही आज्ञा त्याच कामासाठीं आहे. तींतील एक रीत रांजणासारखी आहे. रांजणांत संथ धारेनें बिल्ले पडत राहतात. तुकड्याला बाहेर पडावयाचें तर बिल्ला खर्चावा लागतो. रांजण भरलेला असेल तेव्हां थोडी घाई चालते. रिकामा झाला कीं धारेच्या गतीनेंच जावें लागतें. काटकसरीनें चालणाऱ्या कुटुंबाला ही रीत समजावून सांगावयास नको.

येथवर एका घरच्या, एका कचेरीच्या वाटाड्यांचा विचार झाला. पण जगांत अशीं हजारों स्वतंत्र जाळीं आहेत, आणि प्रत्येकाचा मालक वेगळा. त्यांनीं एकमेकांना आपल्या वाटा कशा कळवाव्या? १९८९ सालीं किर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर या दोघांनीं जेवणाच्या वेळीं हात पुसण्याच्या कागदांवर त्याची योजना टिपली. बीजीपी या नांवानें ती आजतागायत चालू आहे. तिचें स्वरूप शेजाऱ्यांच्या बोलण्यासारखें आहे. एक जाळें शेजारच्याला सांगतें, ‘अमुक पत्ते माझ्याकडे आहेत’. तो आपल्या शेजाऱ्याला सांगतो, ‘त्या पत्त्यांची वाट माझ्यावरून जाते’. अशी ही वार्ता थोड्या मिनिटांत पृथ्वीभर पसरते. मूळ योजनेंत ही वार्ता खरी कीं खोटी हें तपासण्याची सोय नव्हती. थोडे लोक, ओळखीचे लोक, शब्दाचे पक्के लोक, अशा काळांत ती जन्मली होती.

शब्दावरच्या या विश्वासाची कसोटी २४ फेब्रुवारी २००८ रोजीं लागली. पाकिस्तान सरकारनें आक्षेपार्ह मजकुराच्या कारणावरून यूट्यूब हें स्थळ देशांत बंद करण्याचा हुकूम काढला होता. यूट्यूबनें १०२४ पत्त्यांचा एक गट आपला म्हणून जगाला जाहीर केलेला होता. ग्रिनिच वेळेप्रमाणें १८ वाजून ४७ मिनिटांनीं पाकिस्तान टेलिकॉमनें त्यांतील २५६ पत्ते आपल्याकडे आहेत असें जाहीर केलें. देशांतल्या देशांत राहावयाची ती वार्ता सीमेबाहेर गेली. हाँगकाँग येथील पीसीसीडब्ल्यू या मोठ्या शेजाऱ्यानें ती न तपासतां पुढें सांगितली, आणि मग टपालाचा तो साधा नियम आपलें काम करूं लागला. यूट्यूबचा खण ‘पुणें जिल्हा’ असा मोघम. पाकिस्तानचा ‘जुन्नर’ असा नेमका! जगांतील वाटाड्यांनीं नियमानुसार नेमका खण पसंत केला, आणि दूरदूरच्या देशांतून यूट्यूबकडे निघालेलें टपाल पाकिस्तानच्या दिशेनें वाहूं लागलें.

त्यानंतरचे दोन तास हा दोन जाळ्यांमधील निःशब्द सामना होता. २० वाजून ७ मिनिटांनीं यूट्यूबनें तेच २५६ पत्ते स्वतः जाहीर केले. आतां दोघांचेहि खण सारखेच नेमके झाल्यामुळें ज्याला जो जवळ त्यानें त्याच्याकडे टपाल धाडलें. २० वाजून १८ मिनिटांनीं यूट्यूबनें त्या गटाचे १२८-१२८ पत्त्यांचे दोन तुकडे करून तेहि जाहीर केले; म्हणजे जुन्नरवर न थांबतां जुन्नरच्या आळ्यांचीं नांवें सांगितलीं. ज्या जाळ्यांनीं इतका बारीक तपशील स्वीकारला तेथील टपाल परत वाटेवर आलें. अखेर २१ वाजून १ मिनिटानें पीसीसीडब्ल्यूनें पाकिस्तान टेलिकॉमकडून आलेल्या वार्ता मागें घेतल्या, आणि गोंधळ शमला. सव्वादोन तासांच्या या प्रकरणांत एकहि तार तुटली नव्हती, एकहि यंत्र बिघडलें नव्हतें. प्रत्येक वाटाड्यानें आपलें काम बिनचूक केलें होतें. चूक होती ती केवळ सांगण्यांत, आणि सांगितलेलें तसेंच पुढें नेण्यांत.

दुसरी घटना भारतांतील पुष्कळ घरांना आठवत असेल. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं रात्रीं सव्वानऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदम मुके झाले. मुंबई-पुण्याच्या घरांतून परदेशीं असलेल्या मुलांना रात्रीं निरोप धाडणाऱ्या आईबापांना वाटलें, आपलेंच यंत्र बिघडलें. कारण फार दूरचें होतें. त्या कंपनीनें पुढें स्वतःच प्रसिद्ध केलेल्या हकीकतीप्रमाणें, नेहमींच्या देखभालींत आपल्या मुख्य जाळ्याची क्षमता अजमावण्यासाठीं एक आज्ञा देण्यांत आली, आणि त्या आज्ञेनें तिच्या सर्व संगणककेंद्रांमधील जोडण्याच तुटल्या. अशी घातक आज्ञा अडविण्यासाठीं एक तपासनीस योजना होती. पण तिच्यांतच दोष असल्यामुळें तिनें ती अडविली नाहीं. मग पत्ते सांगणाऱ्या तिच्या लहान केंद्रांना मुख्य केंद्रें दिसेनाशीं झालीं, आणि त्यांना शिकविल्याप्रमाणें त्यांनीं ‘आम्ही येथें आहोंत’ ही वार्ता जगाकडून परत घेतली. कंपनीचें नांव ठाऊक, पण पत्ता सांगणारा कोणी नाहीं, अशी स्थिति झाली.

यावर इलाज करणारे अभियंतेहि त्याच जाळ्याचे आश्रित होते. दुरून शिरण्याच्या वाटा बंद, आणि अडीअडचणीसाठीं राखलेली वेगळी वाटहि बंद! शेवटीं माणसें प्रत्यक्ष केंद्रांकडे धाडावीं लागलीं. पण तीं केंद्रें परक्यानें सहज आंत शिरूं नये अशाच बेतानें बांधलेलीं होतीं. सायंकाळीं रायगडचे दरवाजे लागले म्हणजे ते आपपर पाहत नसत. हिरकणीची आख्यायिका त्याचीच साक्ष आहे. दरवाजे चांगले भक्कम असले म्हणजे मालकालाहि तिष्ठावें लागतें. आंत गेल्यावरहि सर्व कांहीं एकदम सुरूं करून चालणार नव्हतें. कारण एकेका केंद्राचा विजेचा वापर दशांवधि मेगावॅटनीं खालीं आला होता, आणि तो अकस्मात् वर चढला असता तर नवाच अनर्थ ओढवता. भारतांत पहाटेचे तीन वाजून गेल्यावर निरोप पुन्हा येऊं लागले.

या दोन घटनांचे धडे वेगवेगळे आहेत. पहिलींत शेजाऱ्याचा शब्द न तपासतां मानला गेला. त्यावर आतां उपाय निघाला आहे. अमुक पत्ते जाहीर करण्याचा अधिकार अमुक जाळ्याला आहे, असा सहीशिक्क्यासारखा दाखला पत्त्यांच्या मालकाला तयार करतां येतो, आणि दाखल्याशीं न जुळणारी वार्ता वाटाड्या टाकून देऊं शकतो. आरपीकेआय असें त्या व्यवस्थेचें नांव. अर्थात् दाखला केवळ मालकी सांगतो. वाटेंतील सर्वांच्या खरेपणाची हमी तो देत नाहीं. दुसऱ्या घटनेंत मात्र असा दाखला कांहींच करूं शकला नसता. कारण तेथें मालकानेंच स्वतःच्या हातानें आपली वाट मिटविली होती. त्यावरील उपाय एकच: चूक होईल असें धरून चालणें, आणि परतीची वाट आधीं मोकळी ठेवून मग पाऊल टाकणें.

हा विषय आपल्या प्रांताला दूरचा नाहीं. समुद्रतळावरून जगाशीं जोडणाऱ्या अनेक तारा मुंबईच्या किनाऱ्यावर वर येतात. देशांतल्या देशांत जावयाचें टपाल पूर्वीं पुष्कळदां परदेशाला वळसा घालून येई. तें येथल्या येथें बदलून घेतां यावें यासाठीं २००३ सालीं निक्सी ही संस्था स्थापन झाली, आणि मुंबईंतहि तिचा विनिमयनाका उभा राहिला. अशा नाक्यांवर काम करणाऱ्या माणसांचीं नांवें कोणाला ठाऊक नसतात. सर्व सुरळीत असतां त्यांची आठवण होत नाहीं; आणि आठवण होते तेव्हां ती क्वचितच प्रेमाची असते.

तो मध्यरात्रीचा मनुष्य अजून पडद्यासमोर बसलेला आहे. दहा मिनिटांची मुदत त्यानें आधींच लावून ठेवली आहे. लिहिलेली ओळ सहकाऱ्यानें वाचून पाहिली आहे. आतां तो कळ दाबतो. पडदा क्षणभर स्तब्ध राहतो. मग ती लुकलुकणारी खूण परत येते, आणि पलीकडचें यंत्र उत्तर देतें. तरीहि तो लगेच उठत नाहीं. एकेक दार, एकेक वाट तो ‘शो’ म्हणून पाहून घेतो, आणि सर्व जेथल्या तेथें असल्याची खात्री झाल्यावरच परतीची मुदत रद्द करतो. सकाळीं इस्पितळांतील डॉक्टराला रोग्याचें चित्र मिळेल, पेढीवर हुंडी वटेल, आईला मुलाचा निरोप येईल. आणि रात्रीं कांहीं घडलें होतें हें कोणालाहि कळणार नाहीं. त्याच्या धंद्यांत यश म्हणतात तें यालाच.